चर्चमध्ये न येणारे आपले मित्र : मैत्री आणि श्रद्धेची साक्ष

दर रविवारी मिस्साबलिदानासाठी एकत्र येणारा आपला ख्रिस्ती समुदाय हा धर्मग्रामाच्या हद्दीत राहणाऱ्या लोकसंख्येचा एक भाग असतो. आपल्या शेजारी, कार्यालयात, लोकलच्या डब्यात आणि गृहनिर्माण संस्थेच्या जिन्यावर आपल्याला रोज भेटणारे बहुसंख्य लोक चर्चची पायरी चढत नाहीत. त्यांपैकी काहींचा स्नानसंस्कार झालेला आहे, परंतु काही कारणाने ते ख्रिस्तसभेच्या जीवनापासून दूर गेले आहेत. बाकीचे अन्य धर्मांचे आहेत किंवा कोणताच धर्म न मानणारे आहेत. या सर्वांशी आपले नाते कसे असावे, आणि ज्या प्रभू येशूवर आपण जीव लावला आहे त्याच्याविषयी त्यांच्याशी केव्हा व कसे बोलावे, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंतापुढे उभा राहतो.

या प्रश्नाची दोन टोके आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण श्रद्धेविषयी अवाक्षरही काढत नाहीत. गैरसमज होईल, कोणी दुखावेल, आपल्यावर धर्मांतराचा आरोप येईल अशी भीती त्यांना वाटते. उलटपक्षी काही उत्साही मंडळी ओळख होताच उपदेशाला सुरुवात करतात, आणि समोरचा बधला नाही की त्याच्याकडे जाणेयेणेही थांबवतात. पहिल्या प्रकारात श्रद्धा लपून राहते, दुसऱ्या प्रकारात मैत्री खोटी ठरते. खऱ्या मैत्रीत या दोहोंना स्थान नाही. आपला मित्र कधीही चर्चमध्ये आला नाही तरी जी मैत्री टिकून राहील, तीच श्रद्धेची साक्ष देण्यास योग्य होय, हे सूत्र डोळ्यांपुढे ठेवून आम्ही येथे पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेची शिकवण, संतांची उदाहरणे आणि नित्याचा व्यवहार यांचा क्रमाने विचार करीत आहोत.

पवित्र शास्त्रातील आधार

प्रभू येशूच्या विरोधकांनी त्याला जकातदार व पापी लोकांचा मित्र म्हणून हिणवले. शुभवर्तमानकारांनी ही निंदा लपवून ठेवली नाही, कारण ती खरी होती. येरीहो येथे जक्कय झाडावर चढून बसला असता येशूने त्याला प्रथम उपदेश केला नाही, तर त्याच्या घरी पाहुणा म्हणून जाण्याची इच्छा दर्शवली. जक्कयाचा पालट झाला तो त्यानंतर. शोमरोनी स्त्रीशी झालेला संवाद येशूने पाणी मागून सुरू केला. ज्याच्याजवळ जीवनाचे पाणी होते त्यानेच आधी तिच्याकडे याचना केली. मैत्रीत देणाऱ्याने घेण्याचीही तयारी ठेवावी लागते, हा धडा या प्रसंगातून मिळतो.

अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंगही मननीय आहे. खिन्न होऊन यरुशलेम सोडून निघालेल्या दोघा शिष्यांबरोबर उत्थित प्रभू चालू लागला. त्याने प्रथम त्यांना प्रश्न विचारला आणि त्यांचे दुःख ऐकून घेतले. शास्त्राचा उलगडा त्याने त्यानंतर केला आणि भाकर मोडली ती सर्वांत शेवटी. शिवाय ते दोघे चुकीच्या दिशेने चालले होते तरी प्रभू त्यांच्याबरोबर चालला, हे विसरता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात अंद्रिया आपल्या भावाला येशूकडे नेतो, तर फिलिप नथनेलाला निमंत्रण देतो. नथनेलाने उपहासाने शंका काढली तेव्हा फिलिपाने वाद घातला नाही, त्याने त्याला स्वतः येऊन पाहावयास सांगितले. आणि संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्यावे. उत्तर देण्यापूर्वी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि तसा प्रश्न मनात यावा असे आपले जीवन असावे लागते.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप सहावे पॉल यांनी 6 ऑगस्ट 1964 रोजी प्रसृत केलेल्या ‘एक्लेझियाम सुआम’ या परिपत्रकात संवादाची चार लक्षणे सांगितली आहेत: स्पष्टता, सौम्यता, परस्परविश्वास आणि समोरच्या व्यक्तीची स्थिती ओळखण्याचा विवेक. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर न करण्याची भूमिका घेतली. त्याच वर्षी 7 डिसेंबरला संमत झालेल्या ‘आद जेन्तेस’ या आदेशात, ख्रिस्ती लोकांनी ज्यांच्यामध्ये ते राहतात त्यांच्याशी आदराने व प्रेमाने जोडले जावे, त्यांच्या सांस्कृतिक व सामाजिक जीवनात सहभागी व्हावे आणि त्यांच्या परंपरांचा परिचय करून घ्यावा, असे सांगितले आहे. कोणालाही बळजबरीने किंवा गैर उपायांनी श्रद्धेकडे ओढण्यास याच आदेशाने सक्त मनाई केली आहे. धर्मस्वातंत्र्यावरील ‘दिग्नितातिस हुमाने’ या घोषणापत्रानेही गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगण्यास बजावले आहे.

8 डिसेंबर 1975 रोजी प्रसिद्ध झालेले ‘एव्हांजेली नुन्तियांदी’ हे प्रबोधनपत्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यात पोप सहावे पॉल यांनी शब्दाविना दिलेल्या साक्षीला सुवार्ताप्रसाराचे पहिले पाऊल मानले आहे. मात्र केवळ साक्ष पुरेशी नाही, आज ना उद्या येशूचे नाव उच्चारावेच लागते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. स्नानसंस्कार घेऊनही श्रद्धेचे आचरण न करणाऱ्यांचा विचार त्यांनी याच पत्रात स्वतंत्रपणे केला आहे. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ‘संवाद आणि घोषणा’ या दस्तऐवजात संवादाचे चार प्रकार सांगितले आहेत: शेजारधर्माने एकमेकांची सुखदुःखे वाटून घेणारा जीवनाचा संवाद, समाजहितासाठी एकत्र झटणारा कृतीचा संवाद, जाणकारांमधील धर्मशास्त्रीय संवाद आणि प्रार्थना-साधनेतील धार्मिक अनुभवाचा संवाद. यांपैकी पहिले दोन प्रकार प्रत्येक प्रापंचिकाच्या आवाक्यातील आहेत, त्यासाठी पदवी लागत नाही.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 25 डिसेंबर 2005 च्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रकात स्पष्ट केले की, प्रेमाचे कार्य हे अन्य हेतू साधण्याचे साधन नव्हे. देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा मौन राखून प्रेमालाच बोलू द्यावे हे ख्रिस्ती माणसाला कळले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या ‘एव्हांजेली गाउदियुम’ या प्रबोधनपत्रात रोजच्या संभाषणातून होणाऱ्या सुवार्ताप्रसाराचा क्रमच घालून दिला. आधी समोरच्या व्यक्तीला बोलू द्यावे, तिचे आनंद, तिच्या आशा आणि चिंता ऐकाव्यात, त्यानंतरच देवाच्या वचनाविषयी बोलावे, आणि परिस्थिती अनुकूल असल्यास त्या चिंतेशी निगडित अशी छोटीशी प्रार्थना करून भेट संपवावी. अम्माऊसच्या वाटेवरील क्रम तो हाच.

दोन संत, दोन मैत्री

15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे दहा जणांना संतपद बहाल केले. त्यांमध्ये भारतातील पहिले प्रापंचिक संत देवसहायम आणि सहारा वाळवंटात राहिलेले फ्रेंच धर्मगुरू संत चार्ल्स द फूको हे दोघेही होते. हे दोन्ही संत श्रद्धेकडे आले ते मैत्रीच्या वाटेने.

देवसहायम यांचे मूळ नाव नीलकंठ पिल्लई. त्यांचा जन्म 1712 साली आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील नट्टालम येथे झाला. ते त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांच्या सेवेत होते. 1741 साली कोळचेल येथील लढाईत डच कंपनीचा पराभव झाला आणि युस्तेशियस डी लॅनॉय हा कॅथलिक अधिकारी कैद झाला. राजाने त्याच्यावर आपल्या सैन्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सोपवली आणि तेथे नीलकंठ पिल्लई यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. पुढे पिल्लईंच्या घरावर आपत्ती कोसळली, गुरेढोरे व पीकपाणी यांचे नुकसान झाले आणि ते खचून गेले. त्या वेळी डी लॅनॉय याने आपल्या मित्राला बायबलमधील ईयोबाची कथा सांगितली. दुःखाच्या प्रसंगी मित्राने मित्राला सांगितलेली ही कथा त्यांच्या अंतःकरणाला भिडली. 14 मे 1745 रोजी वडक्कनकुळम येथे त्यांचा स्नानसंस्कार झाला. लाजरस या नावाचे रूपांतर म्हणून त्यांनी देवसहायम हे नाव धारण केले. त्यानंतर त्यांना छळ व हद्दपारी सोसावी लागली आणि 14 जानेवारी 1752 रोजी त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले.

डी लॅनॉय हा धर्मगुरू नव्हता किंवा धर्मप्रसारकही नव्हता. तो परक्या देशात अडकलेला एक सैनिक होता. त्याच्याजवळ मित्राला देण्यासाठी धन नव्हते, स्वतःला आधार देणारी एक कथा मात्र होती. ती त्याने योग्य वेळी सांगितली, आणि पुढील शिक्षण व संस्कार यांसाठी मित्र धर्मगुरूंकडे गेला. प्रापंचिकाने काय करावे आणि कोठे थांबावे याचा हा उत्तम नमुना होय.

चार्ल्स द फूको यांची कथा वेगळी आहे. 1858 साली स्ट्रासबर्ग येथे कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या चार्ल्सने तरुणपणी श्रद्धा गमावली. 1883–84 मध्ये मोरोक्कोचा प्रवास करताना तेथील मुस्लिम बांधवांची प्रार्थना पाहून त्यांच्या मनात देवाविषयीचा प्रश्न पुन्हा जागा झाला. पॅरिसला परतल्यावर मारी द बोंदी या आपल्या आतेबहिणीच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. तिने त्यांना बोल लावला नाही की चर्चमध्ये चलण्याचा आग्रह धरला नाही. तिचे मौन, तिची सौम्यता आणि तिचा चांगुलपणा यांनीच आपल्याला ओढून नेले, अशी कृतज्ञता चार्ल्स यांनी पुढे व्यक्त केली. ऑक्टोबर 1886 मध्ये संत ऑगस्टिन चर्चमधील धर्मगुरू आबे युव्हलँ यांच्याकडे ते केवळ चर्चा करण्यासाठी गेले आणि पापनिवेदन करून बाहेर पडले.

1905 पासून ते सहारातील तमनरासेत येथे तुआरेग लोकांमध्ये राहिले. त्यांनी त्यांची भाषा शिकून तिचा मोठा शब्दकोश तयार केला. 1908 च्या आरंभी ते मरणासन्न झाले असता, दुष्काळाचे दिवस असूनही तुआरेग शेजाऱ्यांनी दूरदूरच्या शेळ्यांचे दूध गोळा करून त्यांचे प्राण वाचवले. मदत करण्यास आलेल्याला मदत घ्यावी लागली, आणि त्यानंतर त्यांचे नाते अधिक दृढ झाले. 1 डिसेंबर 1916 रोजी त्यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्याभोवती तेथे ख्रिस्ती समाज उभा राहिलेला नव्हता. संख्येच्या हिशेबाने हे जीवन निष्फळ ठरेल. ख्रिस्तसभेने मात्र त्या जीवनाला संतपदाचा मान दिला. डी लॅनॉयच्या मैत्रीला जे फळ आले ते फूको यांच्या मैत्रीला आले नाही, तरीही दोन्ही मैत्री देवापुढे खऱ्याच होत्या.

महाराष्ट्रातील वाट

आपल्या मराठी भूमीत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली. त्या प्रवाशाने घाई केली नाही. टिळकांनी वाचन व चिंतन करून 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथात गेले, तरी त्यांच्या भक्तिगीतांनी सर्व मराठी ख्रिस्ती समाजाची उपासना समृद्ध केली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची वाट आणखी लांबची होती. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या दूर राहिल्या आणि 1900 साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. घरातल्या घरातही श्रद्धेला तिचा वेळ द्यावा लागतो, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेवरून ध्यानात येते.

कृतीच्या संवादाचे उदाहरण म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे स्मरण होते. ‘हरित वसई’च्या लढ्यात सर्व धर्मांचे लोक पाणी, शेती व हिरवाई वाचवण्यासाठी एकत्र आले. त्या लढ्यातून जुळलेले स्नेहसंबंध कोणत्याही प्रवचनाने जुळले नसते. 2020 साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. 25 जुलै 2024 रोजी त्यांचे निधन झाले. आपण धर्मगुरू आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही आणि त्यामुळे त्यांच्या मित्रपरिवारात कधी अडसरही आला नाही.

नित्याच्या व्यवहारात काय करावे

अन्य धर्मीय मित्रांशी वागताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे आम्ही सुचवितो.

ओळखीचे रूपांतर मैत्रीत होण्यास वेळ लागतो, तो द्यावा. शेजाऱ्याच्या घरी मयत झाल्यास प्रथम पोहोचावे, आजारपणात रुग्णालयात सोबत करावी, लग्नकार्यात हात लावावा. दिवाळीचा फराळ आनंदाने स्वीकारावा आणि नाताळचा फराळ प्रेमाने पोहोचवावा. शाकाहारी मित्राला जेवायला बोलावल्यास त्याच्या पथ्याचा मान राखावा. त्यांच्या सणांचा अर्थ त्यांच्याकडूनच समजून घ्यावा. त्यांच्या देवधर्माची थट्टा आपल्या घरातही होऊ देऊ नये, कारण मुले तेच शिकतात.

आपली श्रद्धा लपवू नये. जेवणापूर्वीची प्रार्थना पाहुणे आले म्हणून टाळू नये. रविवारी सकाळी सहलीचे निमंत्रण आल्यास मिस्सानंतर येतो असे सहजपणे सांगावे. मित्र संकटात असेल तर तुमच्यासाठी मी प्रार्थना करीन असे म्हणावे, आणि खरोखरच करावी. त्याची इच्छा असल्यास तेथेच दोन वाक्यांची प्रार्थना म्हणावी. त्याने प्रश्न विचारला तर पाठ केलेले उत्तर न देता आपल्याला देवाने कसे सावरले ते थोडक्यात सांगावे. उत्तर ठाऊक नसेल तर विचारून सांगतो असे म्हणण्यात कमीपणा नाही.

मित्राला नाताळच्या किंवा लग्नाच्या मिस्साला बोलावताना विधीची कल्पना आधी द्यावी. पवित्र कम्युनियन हा आमच्या श्रद्धेचा गाभा असून तो पूर्वतयारी करून श्रद्धेत एकरूप झालेल्यांनी स्वीकारावयाचा असतो, हे त्याला घरीच प्रेमाने सांगितले तर चर्चमध्ये रांगेत उभे राहून परत फिरण्याचा अवघड प्रसंग येत नाही.

स्नानसंस्कार होऊनही दूर राहिलेले

आपल्याच कुटुंबातील किंवा वाडीतील जी माणसे मिस्साला येत नाहीत त्यांच्याशी मैत्री करणे कधीकधी अधिक कठीण जाते. त्यांच्या अनुपस्थितीची कारणे निरनिराळी असतात. कोणाला रविवारीच कामाची पाळी असते. कोणाचा विवाह चर्चच्या नियमांबाहेर झालेला असतो व आपल्याला तेथे स्थान नाही अशी त्याची समजूत असते. कोणी आप्ताच्या अकाली मृत्यूनंतर देवावर रुसलेला असतो. कोणाला धर्मग्रामातील एखाद्या वादात, धर्मगुरूंच्या किंवा एखाद्या प्रमुखाच्या शब्दाने जखम झालेली असते. काहींना मात्र तेथे काहीच अर्थ वाटत नाही.

म्हणून चर्चला का येत नाहीस या प्रश्नाने संभाषणाला आरंभ करू नये. त्या प्रश्नात चौकशीपेक्षा ठपकाच अधिक ऐकू येतो. प्रकृती, मुलांचे शिक्षण, नोकरी यांची आस्थेने विचारपूस करावी. त्याने आपली तक्रार सांगितल्यास चर्चचा बचाव करण्याची घाई न करता ती शेवटपर्यंत ऐकावी. अन्याय झाला असेल तर तो अन्याय होता असे मान्य करावे. विवाहाचा प्रश्न असल्यास आपण निवाडा देऊ नये. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटण्याचा मार्ग सुचवावा आणि हवे असल्यास सोबत जावे. ज्या दिवशी तो पुन्हा येईल त्या दिवशी इतक्या वर्षांनी कशी आठवण झाली असे कोणी म्हणू नये. शेजारी जागा करून द्यावी, एवढे पुरे.

मर्यादा आणि सावधानता

भारतीय राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही. अनेक राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदेही आहेत. कायद्याचे पालन आपण करावेच. परंतु आमिष, दडपण व फसवणूक यांना आपण दूर ठेवतो ते केवळ कायद्याच्या धाकाने नव्हे. मुक्तपणे न दिलेला होकार देवालाही नको असतो, ही आपली श्रद्धाच आहे.

यास्तव पैसे, नोकरी, शाळाप्रवेश किंवा औषधोपचार यांची सांगड कधीही श्रद्धेशी घालू नये. मित्राच्या अल्पवयीन मुलांना पालकांच्या नकळत धर्मशिक्षण देऊ नये. शोकात बुडालेल्या माणसाकडून कोणताही निर्णय घेववू नये. मित्राने स्वतःहून दीक्षेविषयी विचारल्यास त्याची गाठ धर्मगुरूंशी घालून द्यावी. 1972 साली नव्याने प्रसृत झालेल्या प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षाविधीमध्ये विचारणा, शिक्षण, शुद्धीकरण व संस्कार असे टप्पे आहेत, आणि ही वाटचाल बहुधा दीर्घकाळ चालते. ख्रिस्तसभा स्वतः इतका धीर धरते, तर आपण घाई करण्याचे कारण नाही.

समारोप

मैत्री हे सुवार्ताप्रसाराचे तंत्र नव्हे. प्रभूने आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले. ज्याला अशी मैत्री लाभली तो इतरांचाही मित्र होतो, आणि जे आपल्याला सर्वांत प्रिय आहे ते मित्रापासून लपवून ठेवत नाही. श्रद्धा हे देवाचे दान आहे, ते कोणाला केव्हा द्यावे हे देव जाणतो. आपल्या हाती आहे ते शेजाऱ्याचे दार ठोठावणे, त्याचे ऐकणे, त्याच्या हातचे पाणी पिणे आणि त्याने विचारलेच तर आपल्या आशेचे कारण सौम्यपणे सांगणे. येत्या आठवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने चर्चमध्ये न येणाऱ्या एका व्यक्तीसाठी नाव घेऊन प्रार्थना करावी आणि काहीही मागण्याचा किंवा पटवून देण्याचा हेतू मनात न ठेवता तिच्या घरी जाऊन यावे, अशी आम्ही सर्व श्रद्धावंतांना नम्र विनंती करतो.